डबल बेल

सुलेखानं बांगड्या कोपराकडे सारल्या आणि बोटांच्या पेरांनी डॅशबोर्डवर एक ठोका दिला. व्हॅन हळू झाली आणि आकाशवाणीच्या सिग्नलला, पुढची चाकं पांढऱ्या पट्ट्यावर ठेवून, थांबली.

“बघितलं,” संघपाल म्हणाला.

मागं अकरा पोरं आपापसांत भांडत होती. कुणाची तरी बाटली कुणाच्या तरी दप्तरावर सांडली होती आणि त्याचा निवाडा सुलेखानं करावा अशी दोन्ही बाजूंची मागणी होती. तेवढ्यात हिरवा दिवा लागला. संघपाल समोर बघत राहिला. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दाबला. सुलेखानं मान न वळवता दोन ठोके दिले आणि गाडी निघाली.

यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं, निदान त्या दोघांना नव्हतं. संघपाल मगरेनं एकतीस वर्षं एसटी चालवली होती, आणि एसटीची बेल कंडक्टरच्या हातात असते. एक बेल म्हणजे थांबायचं, दोन म्हणजे निघायचं. डबल बेल मिळेपर्यंत गाडी हलवायची नाही, समोरचा रस्ता कितीही मोकळा असो. निवृत्तीनंतर त्यानं शाळेच्या मुलांसाठी व्हॅन घेतली. गाडीत एक बाई हवीच असं शाळेनं सांगितलं, म्हणून सुलेखा शेजारच्या सीटवर आली. पहिल्याच दिवशी त्यानं तिला बेल शिकवली. पोरगं नीट बसलं का ते तू बघायचं, मी मान वळवणार नाही, तू ठोका दे. घंटीची दोरी नव्हती, तर डॅशबोर्ड होता.

पोरांच्या चढण्या-उतरण्यापुरती असलेली ही बेल सिग्नलपर्यंत कधी पोचली, त्याची तारीख सुलेखाला सांगता आली नसती. दोनेक वर्षांपूर्वी क्रांती चौकात पुलाखाली लाल दिवा असताना गाडी सरळ निघाली होती. तिनं घाबरून डॅशबोर्डवर हात आपटला आणि गाडी जागच्या जागी थांबली. तेव्हाही संघपाल ‘बघितलं’ म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी तिनं त्या चौकात आधीच ठोका दिला. पुढच्या महिन्यात दुसऱ्या चौकातही. तिला आधी वाटलं, डोळे असतील. पण मोतीबिंदू काढून झाला होता आणि डोळ्यांच्या डॉक्टरनं अगदी खालची बारीक ओळ वाचून घेऊन शाबासकी दिली होती. मग तिनं ठरवलं, वय असेल. नवऱ्याच्या बाबतीत बायका असलं निदान स्वतःच करतात आणि औषधही स्वतःच होतात. सुलेखाही झाली.

नगर नाका मागं पडला. शाळा पडेगावच्या अलीकडे होती आणि तो रस्ता गेले कित्येक महिने पाण्याच्या पाइपलाइनसाठी थोडाथोडा खोदला जात होता. पोरगं आत उभं राहू शकेल एवढे काळे पाइप कडेला पडलेले असत. काल डावी बाजू चालू होती. आज डाव्या बाजूला अडथळे लावले होते आणि एक माणूस लाल फडकं हलवून सगळ्यांना उजवीकडे वळवत होता.

सुलेखानं ठोका दिला. गाडी हळू झाली नाही. तिनं दुसरा दिला, मग तिसरा, आणि मग तिला कळलं की आपण तीन ठोके दिले, आणि तीन ठोक्यांना काही अर्थच नाही.

“आवं, थांबा!”

फडकंवाला बाजूला झाला. सुलेखानं दोन्ही हातांनी हँडब्रेक वर ओढला. गाडी उसळून बंद पडली, कुणाचा तरी डबा खडखडत सीटखाली गेला आणि पोरं खूश होऊन ओरडली. बंपर अडथळ्याला टेकला होता.

“बघितलं,” संघपाल म्हणाला.

“बघितलं व्हतं, तर मग?”

दोन वर्षांत हे तिनं पहिल्यांदा विचारलं. स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडे तो बघत राहिला. चांगले भक्कम हात होते. या हातांनी पंचवीस वर्षं विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळवला होता, आणि त्या सत्काराला त्याच्या शेजारी सुलेखा नव्या साडीत उभी होती. सत्कार सपत्नीक होता.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी शेवटची आमरीन उतरली, तेव्हा तिची आई गुलशन दारातच उभी होती. शहानूरवाडीत दर्ग्यामागच्या गल्लीत गुलशन शाळेचे गणवेश शिवायची. एरवी या वेळेला तिच्या मशीनचा आवाज बाहेरपर्यंत यायचा.

“भाभी, अंदर आव. दो मिनट.”

संघपालला गाडीत बसवून सुलेखा आत गेली. दप्तर टाकून आमरीन तोवर खेळायलाही लागली होती. तिचा धाकटा भाऊ अम्मार उलट्या घमेल्यावर बसला होता आणि त्याच्या हातात स्टीलची ताटली होती. त्याच्या शेजारी पाटावर आमरीन बसली होती. तिनं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यावर एक ठोका दिला. अम्मारनं ताटली फिरवायची थांबवली.

“बघितलं,” तो जाड आवाज काढून म्हणाला.

आमरीननं दोन ठोके दिले. अम्मार निघाला. पुन्हा एक ठोका, पण अम्मार थांबेना, हसत सुटला. मग आमरीननं मांडीखालचं लाटणं दोन्ही हातांनी वर ओढलं आणि दोघंही पुढं कोसळली.

“हे रोज खेलते,” गुलशन म्हणाली. “मैंने पूछी, ड्रायव्हर तो एक रहता, दो जने कायकू लगते? तो बोली, अम्मी, मगरेकाका की गाडी एक से नई चलती.”

सुलेखानं हसून बघितलं. ते काही जमलं नाही.

“लाटणं कालच आलं,” गुलशन म्हणाली. ती मराठीत आली म्हणजे गोष्ट गंभीर आहे, हे सुलेखाला माहीत होतं. “काल काय झालं?”

“पाइपलाइनवाल्यांनी रस्ता बंद केलता. एकदम ब्रेक मारावा लागला.”

“कुणाला?”

सुलेखा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. अंगणात अम्मारची गाडी पुन्हा सुरू झाली होती. उत्तर दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून गुलशननं ते मागितलं नाही.

“भाभी, मी दुसऱ्या आयांना काही बोलले नाही. बोलणार बी नाही. चार वर्षं माझी पोरगी तुमच्या भरवशावर पाठवते. सोमवारी तिला गाडीत बसवू का नको, तेवढं तुम्हीच मला सांगा. तुम्ही बसव म्हणाल, तर बसवीन.”

यापेक्षा ती भांडली असती तर बरं झालं असतं. सुलेखा बाहेर आली, दार ओढून सीटवर बसली आणि सवयीनं दोन ठोके दिले.

त्या संध्याकाळी त्यांच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत नळाला पाणी आलं. आठवड्यातून एकदा येणारं पाणी, त्यामुळे सगळी गल्ली भांडी घेऊन जागी होती. संघपालनं नळी पिंपात सोडली होती. सुलेखा आतून हंडा घेऊन आली तेव्हा पिंप भरून वाहत होतं. पाणी त्याच्या पायांवरून ओसरीखाली आणि तिथून गटारात जात होतं, आणि तो ते बघत होता. नळी हातातच होती. शेजारचा रिकामा ड्रम हातभर अंतरावर होता.

“आवं, पाणी चाललं.”

“बघितलं,” तो म्हणाला. तरी हात हलला नाही. शेवटी तिनं नळी घेतली आणि ड्रममध्ये सोडली. रात्रभर तिच्या डोळ्यांसमोर ते पाणी वाहत राहिलं. त्याला दिसत होतं. सगळं दिसत होतं.

शनिवारी ती त्याला मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. साखर तपासायचीय, असं सांगितलं. दवाखान्याच्या पाटीवर काय लिहिलंय ते त्यानं वाचलं असणारच, पण तो काही बोलला नाही. हुज्जत घालायची तयारी करून गेलेल्या सुलेखाला त्याचीच जास्त भीती वाटली.

डॉक्टर सोनिया वयानं लहान होती आणि घाईत नव्हती. तिनं त्याला वार, तारीख, डेपोतल्या जुन्या गोष्टी विचारल्या. एसटीच्या गोष्टी सांगताना संघपाल खुलला. मग तिनं एक कागद पुढं ठेवला. त्यावर गोल होते. काही गोलांत आकडे, काहींत अक्षरं.

“काका, एक, मग क. दोन, मग ख. तीन, मग ग. आकडा, अक्षर, आकडा, अक्षर, असं जोडत जायचं.”

संघपालनं एकपासून रेघ काढली ती थेट दोनकडे निघाली. टेबलाच्या कडेवर हलकासा ठोका पडला. रेघ थांबली, वळली आणि ‘क’कडे गेली. पुढं दोनवरून थेट तीनकडे निघाली, पुन्हा ठोका पडला.

डॉक्टरनं कागदावरून नजर उचलली आणि सुलेखाच्या हाताकडे बघितलं. आपला हात टेबलावर आहे, हे सुलेखाला तेव्हाच कळलं.

“मावशी, तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसता?”

बाहेर बसून तिनं समोरच्या भिंतीवरच्या फरश्या मोजल्या. पाचाची वीस मिनिटं झाली. आत बोलावलं तेव्हा दुसरा कागद टेबलावर होता. त्यावर एकपासून आठपर्यंत एक सरळ, ठाम रेघ होती. एकाही अक्षराला ती शिवली नव्हती.

“मी तीन वेळा आठवण करून दिली,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाली. संघपाल शर्टाची बटणं लावत होता आणि ती त्याच्याकडे बघूनच बोलत होती, त्याला वगळून नाही. “काका, तुमचे डोळे उत्तम आहेत. हातापायांत ताकद आहे. आठवणही वाईट नाही. लाल दिवा लागला की काय करायचं, हे तुम्ही मला बरोबर सांगितलं.”

“मग?” सुलेखानं विचारलं.

“माहीत असणं आणि त्या क्षणाला तसं करणं, यांच्या मधलं एक काम मेंदूचा पुढचा भाग करतो. चालू आहे ते थांबवायचं, दुसरं सुरू करायचं, दोन गोष्टींतली आधी कुठली ते ठरवायचं. रोजच्या रस्त्यावर याची फार गरज पडत नाही, हात सवयीनं चालवतात. रस्त्यात काही बदललं की मात्र पडते. काकांचं ते काम कमी पडायला लागलंय. का, ते स्कॅनमध्ये कळेल. तोवर गाडी नको. शाळेची तर अजिबात नको.”

“असं असतं तर दोन वर्षं गाडी कशी चालली?”

डॉक्टरनं पहिला कागद दुसऱ्याशेजारी ठेवला. मग म्हणाली, “तुम्ही शेजारी बसता ना?”

घरी आल्यावर संघपाल जेवताना म्हणाला, “कागदावर गोल काढलेत. कागदावर कुणी गाडी चालवतं व्हय?” संध्याकाळी त्यानं गाडी धुतली, आतल्या सीटा पुसल्या, डॅशबोर्डवरची बुद्धाची लहानशी मूर्ती कापडानं स्वच्छ केली. सुलेखा फोन हातात घेऊन बसली होती. गुलशनला काय सांगायचं ते तिला ठाऊक होतं. तरी फोन लागत नव्हता, कारण ती लावत नव्हती.

रविवारी सकाळी सहाला तो चपला घालून दारात उभा राहिला.

“चल. शाळेपर्यंत जाऊन येऊ. रस्ता रिकामा हाय. उद्या पोरं येणार, त्याच्या आधी तू डोळ्यानं बघ. हात मांडीवर ठेवायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाय.”

“डॉक्टर नको म्हणली ना?”

“तिनं कागद बघितला. गाडी कुठं बघितली?”

तिनं नाही म्हणायला हवं होतं. पण खोटं कशाला बोला, डॉक्टर चुकीची ठरावी असं त्याच्याइतकंच तिलाही वाटत होतं. या चालवण्यात त्याचं किती आणि आपलं किती, हेही तिला एकदाचं बघायचं होतं. ती जाऊन आपल्या जागेवर बसली.

त्यानं गाडी चालू केली. इंजिन घुरघुरत राहिलं. गाडी हलेना. सुलेखानं त्याच्याकडे बघितलं. तो समोर बघत होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, शांत. मग तिच्या लक्षात आलं. तिनं दोन ठोके दिले, गाडी निघाली, आणि तिनं दोन्ही हात मांडीखाली घालून टाकले.

त्रिमूर्ती चौकापर्यंत त्यानं इतकी सुरेख चालवली की तिला लाज वाटली. गिअर कधी पडला तेही कळत नव्हतं. एक कुत्रं आडवं आलं, त्याला त्यानं वळसा घातला. आकाशवाणीला हिरवा होता. पूल उतरताना तिनं मनातल्या मनात गुलशनशी बोलून घेतलं, की आमरीनला पाठव, काही काळजी करू नको.

बाबा पेट्रोल पंपाच्या चौकात लाल दिवा होता. गाडी त्याच्याखालून गेली. सायकलवरचा पेपरवाला पाय टेकवून उभा राहिला आणि काहीतरी ओरडला. सुलेखाच्या मांडीखाली तिची बोटं वळली. रविवारी सकाळी सिग्नल कोण पाळतं, तिनं स्वतःला सांगितलं. एकच तर चुकला. एक तर कुणाचाही चुकतो.

नगर नाक्याच्या पुढं अडथळे आता रस्त्याच्या मधोमध आले होते. वळण दाखवणारा मोठा पिवळा बाण होता, आंधळ्यालाही दिसावा असा. पाइपांमध्ये ताडपत्री लावून राहणारी एक मजूरबाई पाण्याचा कॅन घेऊन रस्ता ओलांडत होती. संघपालनं सरळ जायचं धरलं होतं, तो सरळच चालला. सुलेखानं हात बाहेर ओढले, पण त्यांना मुंग्या आल्या होत्या आणि हँडब्रेक हाताला लागेना. प्लॅस्टिकचा अडथळा आडवा झाला, बाईनं कॅन टाकून उडी मारली, गाडी उकरलेल्या मातीच्या ढिगात शिरली आणि धापा टाकून बंद पडली. ढिगाच्या पलीकडे दोन हातांवर चर होता.

“दिसत नाय का वं?” बाई लांबूनच ओरडली. जवळ येऊन तिनं म्हातारा बघितला, त्याची बायको बघितली आणि कॅन उचलून निघून गेली.

“बघितलं व्हतं, बाई,” संघपाल काचेआडूनच म्हणाला. तिला ते ऐकू गेलं नसावं.

मूर्ती खाली पडली होती. सुलेखानं ती उचलून पदरानं पुसली आणि मांडीवर धरली. मागच्या अकरा सीटा रिकाम्या होत्या, आणि तिला मागं वळून बघायचा धीर होईना.

“तू बेल नाय दिली,” तो म्हणाला.

“तुम्हीच नको म्हणलात.”

“व्हय.” त्यानं मान हलवली. “मधल्या नको म्हणलो. पहिली दिलीस की तू.”

“गाडी हालंना, म्हणून दिली.”

“तेच सांगतो. कंडक्टरनं बेल दिल्याबिगर गाडी हलवायची नाय. आम्हाला पहिल्या दिवसापासून तसंच शिकवलंय. गाडीत काय चाललंय ते त्याला दिसतं, ड्रायव्हरला नाय दिसत.” तो थांबला. शब्द शोधायला त्याला वेळ लागत होता आणि ती थांबून राहिली. “मला कळत व्हतं, काहीतरी बिघडलंय. दिसतं, पण पाय ब्रेकवर जात नाय. क्रांती चौकातच कळलं व्हतं. मी म्हणलो, ही बघते. हिला सगळं दिसतं. ज्या दिवशी हिला वाटंल आता नाय जमत, त्या दिवशी ही सकाळची डबल बेल देणार नाय. मी उतरून जाईन.”

सुलेखा त्याच्याकडे बघत राहिली.

“तू रोज दिलीस,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते तिला सोसेना.

“मला वाटायचं, तुम्हाला ठाऊक नाय,” ती म्हणाली. “तुमच्या मनाला लागंल, म्हणून देत गेले.”

“लई वाईट झालं असतं गं,” संघपाल म्हणाला. तो कशाबद्दल म्हणाला ते तिनं विचारलं नाही. त्यानं चावी काढली आणि तिच्या मांडीवर, मूर्तीशेजारी ठेवली.

मजुरांनी गाडी ढकलून कडेला लावून दिली. सुलेखानं तिथूनच गुलशनला फोन केला. आमरीनला उद्यापासून तुम्हीच शाळेत सोडा, म्हणाली. बाकीच्या घरांना मी आजच सांगते, म्हणाली. पलीकडून गुलशननं एवढंच विचारलं, “भाभी, तुम ठीक हो ना?” त्यावर मात्र तिला रडू आलं आणि तिनं फोन ठेवला.

परत जायला रिक्षा केली. संघपाल ड्रायव्हरच्या सीटमागच्या लोखंडी दांडीला धरून बसला होता. प्रवासी म्हणून बसायची त्याला सवय नव्हती. प्रत्येक वळणाला त्याचा उजवा पाय पत्र्यावर दाबला जात होता. ऊन वर आलं होतं आणि रस्त्यावर गाड्या वाढल्या होत्या.

आकाशवाणीच्या सिग्नलला लाल दिवा होता. रिक्षा थांबली. सुलेखाच्या बोटांची पेरं शिवशिवली. तिनं मूठ घट्ट मिटली आणि चावी तळव्यात रुतू दिली. संघपाल दिव्याकडे बघत होता. आकडे उलटे उतरत गेले, दिवा हिरवा झाला, रिक्षावाल्यानं गिअर टाकला आणि रिक्षा चौकात शिरली.

अर्धा चौक ओलांडल्यावर संघपालनं दांडीवर एक ठोका दिला.

रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. “उतरना है क्या, चाचा?”

सुलेखानं त्याला मानेनंच नाही म्हटलं. मग मूठ सोडून तिनं दांडीवरच्या त्या हातावर हात ठेवला.

“बघितलं,” ती म्हणाली.